टेकलेल्या अंगाचा भार

निरोगी माणूस झोपेतही एका जागी नसतो. कूस बदलतो, पाय पोटाशी घेतो, उशीखाली गेलेला हात ओढून काढतो, आणि सकाळी त्यातलं काहीच त्याला आठवत नाही. बसलेल्या माणसाचंही तेच. गप्पा कितीही रंगलेल्या असोत, थोड्या थोड्या वेळानं एका मांडीवरचा भार दुसरीवर जातो. हाडाखाली दबलेलं मांस आतून हाक देतं आणि अंग आपल्याला न विचारता हलतं. जन्मभर ही हाक येत असते, जन्मभर तिला ओ दिली जाते, आणि म्हणूनच तिची आठवण कुणी ठेवत नाही.

अण्णांच्या अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू लुळी पडली, तेव्हा ही हाक थांबली. अण्णा उमरीतल्या एका जिनिंगमध्ये काट्यावर होते. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग लागायची. भरल्या गाडीचं वजन किती, रिकाम्या गाडीचं किती, कापसात ओल किती, हे काटा थांबायच्या आधी त्यांच्या तोंडून निघायचं. सारं आयुष्य त्यांनी दुसऱ्यांच्या मालाचा भार मोजला. खाटेवर पडल्यावर त्यांच्या स्वतःच्या ५५ किलोंचा हिशेब आम्हाला ठेवायचा होता.

हे ५५ किलो गादीवर सारखे पसरत नाहीत. उताणं निजलं की कमरेखालचं त्रिकोणी हाड, टाचा, खांद्याची पाती, कोपरं आणि डोक्याची मागची बाजू एवढ्याच जागा खरा भार घेतात. कुशीवर निजलं की खुब्याचं हाड आणि घोटा. बसलं की बैठकीची दोन हाडं, बस्स. जागा कमी, म्हणून दाब जास्त. १९३० साली युजीन लँडिस यांनी नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्यांमधला रक्तदाब सुईनं मोजला होता. रक्त जिथून आत शिरतं त्या टोकाला तो पाऱ्याच्या सुमारे ३२ मिलिमीटर निघाला. दंडाला पट्टा बांधून आपण १२० मोजतो तो मोठ्या रक्तवाहिनीतला जोर. कातडीपर्यंत पोचता पोचता त्यातला एवढाच उरतो. वरून हाडाचा रेटा त्याहून जास्त झाला की ती बारीक वाहिनी मिटते. पुष्कळ वर्षं ३२ हा आकडा सीमा म्हणून सांगितला गेला. जाणकार आता तसं सांगत नाहीत. म्हाताऱ्याचं, वाळलेलं, तापानं फणफणलेलं, शुगर असलेलं अंग त्याच्या आतही हार मानतं. धडधाकट अंग काही वेळ त्याहून जास्तही सोसतं. आणि नुकसान पुष्कळदा सुरू होतं ते खोल, हाडाजवळ. कातडीवर ते दिसतं सर्वांत शेवटी. म्हणून बाहेर नखाएवढी जखम आणि आत मूठ जाईल एवढी पोकळी, असं होऊ शकतं.

आमच्या घरी ते आईच्या हाताला आधी कळलं. अण्णांचं अंग पुसताना तिनं कमरेखाली पालथा हात ठेवला, तिथंच थांबली, मग बाजूला ठेवला, पुन्हा तिथं ठेवला. "इथं तापल्यावानी लागायलंय बघ." मी वाकून पाहिलं. कातडी नेहमीसारखीच दिसत होती. अण्णा मुळात काळे, त्यात आयुष्यभर उन्हात रापलेले. दुसऱ्या दिवशी नांदेडहून फिजिओथेरपीच्या बाई आल्या. त्यांनी आईला तो हात पुन्हा ठेवायला लावला आणि मग आपला ठेवला. त्या म्हणाल्या, "काकू, तुम्ही बरोबर ओळखलंत. आता इथं टेकू द्यायचं नाही."

त्यांनी पुढं जे समजावलं ते मला फार मोलाचं वाटतं. पुस्तकात पहिली खूण म्हणून लालसर डाग लिहिलेला असतो. बोटानं दाबायचा, पांढरा झाला तर अजून वेळ आहे, लालच राहिला तर आत इजा झाली. पण ही परीक्षा गोऱ्या कातडीवर नीट चालते. काळ्या-सावळ्या अंगावर लाली दिसतच नाही, आणि दिसेपर्यंत थांबलं तर जखम उघडलेली असते. आपल्याकडं बघायचं ते दुसरंच: ती जागा आजूबाजूपेक्षा गरम किंवा गार लागते का, टणक किंवा पचपचीत लागते का, जांभळट झाक आली आहे का, आणि माणसाला सांगता येत असेल तर तिथं ठणकतंय का. मराठवाड्यातल्या बहुतेक पाठी सावळ्या आहेत. इथं रोज अंग पुसणाऱ्या बाईचा हात हे पहिलं यंत्र. गाद्यांच्या आणि खुर्च्यांच्या सल्ल्याची सुरुवात मी नेहमी तिथून करते.

त्या दिवसापासून घरातल्या काही गोष्टी बंद झाल्या. स्पिरिट लावून पावडर चोळणं बंद. किती पिढ्यांनी ते मायेनं केलं असेल, पण ज्या जागेचं मांस आधीच दुखावलंय तिथं चोळणं म्हणजे आतल्या वाहिन्या आणखी फाडणं. मधोमध भोक असलेली रबरी रिंग बंद. जखमेला हवा मिळते अशी समजूत असते. खरं म्हणजे सगळा भार रिंगच्या कडेवर येतो आणि मधल्या भागाचं रक्त चहूबाजूंनी अडतं. अंगाखालची जाड वाकळ बंद, कारण तिच्या शिवणी आणि घड्या पाठीवर उमटायच्या. सुरू झालं ते दर दोन तासांनी कूस बदलणं. पूर्ण आडवं कुशीवर टाकायचं नाही, कारण मग खुब्याच्या हाडावर सगळं येतं. पाठीमागं उशी लावून साधारण ३० अंशांचाच कल द्यायचा, म्हणजे भार ढुंगणाच्या मांसल भागावर राहतो. दोन्ही पोटऱ्यांखाली उशी, टाच पूर्ण अधांतरी. आणि वर सरकवायचं ते काखेत हात घालून ओढत नाही. अंगाखाली आडवी चादर ठेवायची, दोघांनी दोन्हीकडून धरायची आणि उचलून न्यायचं. ओढलं की कातडी चादरीला चिकटून मागं राहते आणि हाड पुढं जातं. मधलं मांस पिळवटतं. नुसत्या दाबाइतकीच ही पिळवट वाईट.

दोन तासांच्या या नेमामागं मोठा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी मणका मोडलेला माणूस जगेल असं डॉक्टरही धरत नसत. पाठीच्या जखमा आणि लघवीचा संसर्ग यांनी तो काही महिन्यांत संपायचा. जर्मनीतून जीव वाचवून इंग्लंडला आलेले ज्यू डॉक्टर लुडविग गुटमन यांच्या हाती १९४४ मध्ये स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयात अशा जखमी सैनिकांचा कक्ष आला. त्यांनी ठरवलं की दिवस असो की रात्र, दर दोन तासांनी प्रत्येक माणूस वळवला जाईल. औषधापेक्षा या शिस्तीनं माणसं वाचली. वाचली तेव्हा पुढचा प्रश्न आला, यांनी आता करायचं काय. १९४८ मध्ये तिथंच चाकाच्या खुर्चीतल्या माणसांचे खेळ सुरू झाले, आणि त्यातूनच पुढं पॅरालिम्पिक उभं राहिलं. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले आपल्या सांगली भागातले मुरलीकांत पेटकर १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले. त्या पदकाच्या मुळाशी मला रात्री कूस बदलणारे, नाव न राहिलेले हात दिसतात.

आमच्या घरी ते हात आईचे आणि माझे. रात्री अकराला, एकला, तीनला, पाचला. अण्णांना आमची झोपमोड फार लागायची. "राहू दे गं बाई, सकाळी बघू," म्हणायचे. सकाळपर्यंत थांबायचं नसतं हे त्यांना पटलेलं असूनही म्हणायचे. ज्या घरात लुळं माणूस आहे त्या घरातल्या बाईच्या कमरेचा विचार सल्ला देणाऱ्यानं आधी करावा, असं मला वाटतं. खाट तिला फार वाकावं लागणार नाही एवढी उंच हवी. आमच्या खाटेच्या पायांखाली सुतारानं लाकडी ठोकळे दिले, आईची पाठ त्यानंच वाचली.

मग हवेची गादी आली. आमच्याकडं तिला वॉटर बेडही म्हणतात, अल्फा बेडही म्हणतात, पण पाण्याची ती वेगळी. हिच्यात हवेचे फुगे असतात आणि छोटा पंप आळीपाळीनं अर्धे फुगवतो, अर्धे सोडतो, म्हणजे काही मिनिटांनी अंगाखालची टेकायची जागा बदलते. चांगली वस्तू आहे. पण ती आली म्हणून कूस बदलणं थांबवायचं नसतं. दोन वेळांमधलं अंतर किती वाढवायचं ते कातडी बघून ठरवायचं. वर एकच पातळ सुती चादर घालायची. तिच्यावर वाकळ आणि रेक्झिन घातलं तर खालचे फुगे कितीही हलले तरी अंगाला पत्ता लागत नाही, वर मे महिन्यात घामानं पाठ भिजून कातडी आणखी कच्ची होते. अंग खाली टेकलंय का ते बघायला गादीखालून, कमरेच्या बरोबर खाली, तळहात सरकवायचा. हाड हाताला लागलं तर हवा कमी आहे. हात आणि अंग यांच्यात निदान एक इंचभर हवा हवी. आणि उमरीत लाईट जातेच. पंप थांबला की गादी हळूहळू बसते आणि माणूस खाटेच्या फळीवर येतो. म्हणून खाली चांगल्या घनतेचा फोम कायम ठेवायचा, आणि लाईट गेली की पुन्हा दोन तासांचा नेम लावायचा. दुकानदार हे सांगत नाही.

निजण्याचं असं मार्गी लागलं. अण्णांचं मागणं मात्र वेगळंच होतं. "बाई, मला बसीव की गं." दिवसातून कितीदा तरी. निजलेल्या माणसाला घर वेगळंच दिसतं, आढं आणि पत्रे आणि वाकून बोलणारी तोंडं. ओसरीवर कोण आलं, कोणाच्या गाडीचा भाव फुटला, हे त्याच्या कानावर पडतं पण त्याला कुणी विचारत नाही. बसतं केलं की घास नीट गिळला जातो, छाती मोकळी राहते, हे डॉक्टरांचं कारण. अण्णांचं कारण ओसरी होतं. मराठवाड्यात पुरुषाचं आयुष्य ओसरीवर, पारावर, दुकानाच्या फळीवर बसून जातं. बसणं सुटलं की तो माणसांतून उठतो.

खुर्ची आमच्याकडं होती. एका शिबिरात मिळालेली, घडी होणारी, चाकाची. अण्णा तिच्यात बसले की अर्ध्या तासात पुढं घसरायचे, उजवीकडं कलायचे, मान खाली पडायची. सगळे म्हणायचे, आता त्यांच्यानं बसवत नाही. बाईंनी टेप काढली आणि शिंप्यासारखं माप घेतलं: कंबरेची रुंदी, ढुंगणापासून गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंतची लांबी, गुडघ्यापासून टाचेपर्यंत, बैठकीपासून खांद्याच्या पात्यापर्यंत. अण्णांची कंबर १३ इंच, खुर्ची १८ इंचांची. दोन्ही बाजूंना एवढी जागा मोकळी असेल तर लुळी बाजू कलणार नाही तर काय होणार? बैठकीचं कापड झोळीसारखं खाली गेलेलं. त्यात माणूस बसला की मांड्या आत येतात, कमरेचं हाड मागं झुकतं, पाठीचा कणा वाकतो, आणि सगळा भार बैठकीच्या हाडांवरून सरकून त्याच कमरेखालच्या हाडावर जातो. पाय ठेवायच्या पट्ट्या इतक्या वर की गुडघे छातीशी यायचे, मांड्या बैठकीला टेकतच नव्हत्या. अण्णांना बसता येत होतं. खुर्चीला त्यांना बसवता येत नव्हतं.

मग दुरुस्ती गावातच झाली, आणि मला तिचा फार अभिमान आहे. सुतारानं कापडावर बसेल अशी प्लायवूडची फळी कापली. गादीवाल्यानं फोमची उशी केली: खाली घट्ट थर, त्यात मागच्या बाजूला बैठकीच्या हाडांसाठी उथळ खळगा, वर मऊ थर आणि ताणलं जाणारं सैलसर कापड. दोन्ही बाजूंना फोमचे ठोकळे, म्हणजे कंबर मधोमध. गुडघ्यामागं दोन बोटं जातील एवढी जागा. पायाच्या पट्ट्या खाली उतरवल्या. उजव्या हाताखाली छोटी फळी, नाहीतर लुळ्या हाताच्या ओझ्यानं खांदा निखळतो. या कामाला स्वस्त वाटाही आहेत. डेव्हिड वर्नर यांच्या १९८७ च्या, खेड्यातल्या अपंग मुलांवरच्या पुस्तकात सायकलच्या जुन्या ट्यूबा ओळीनं बांधून, अर्धवट हवा भरून उशी कशी करायची ते चित्रांसह दिलंय. ट्यूबा आणि पंक्चरवाला तर प्रत्येक स्टँडवर आहे. कसलीही उशी केली तरी परीक्षा तीच, खालून हात घालून हाड लागतंय का बघणं.

पहिल्या दिवशी अर्धाच तास. मग निजवून पाठ आणि बैठक हातानं तपासायची. गरम लागलं नाही तर दुसऱ्या दिवशी थोडं जास्त. बसलेलं असताना दर पंधरा-वीस मिनिटांनी अण्णांना पुढं टेबलावर झुकवायचं, म्हणजे बैठकीची हाडं सुटतात आणि रक्त परत येतं. हे त्यांना स्वतःलाही जमायला लागलं. डाव्या हातानं टेबल धरून ते झुकायचे आणि त्या मिनिटात हटकून रस्त्यावरच्या कुणाला तरी हाक मारायचे.

ज्यांना मानसुद्धा सावरत नाही, अशांसाठी आणखी वेगळ्या खुर्च्या असतात. त्यांत एक गोष्ट ध्यानात ठेवावी: नुसती पाठ मागं पडणारी खुर्ची माणसाला पुढं घसरवते, कातडी पिळवटते. बैठक आणि पाठ यांचा कोन तसाच ठेवून आख्खी खुर्ची मागं कलते, ती भार पाठीवर वाटून देते. अशी खुर्ची महाग आणि तालुक्याला मिळत नाही. लातूरजवळ हरंगुळला सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी 'संवेदना' हे केंद्र आहे. अशा मुलांच्या बाबतीत बसवण्याची सोय हाच अर्धा उपचार असतो, कारण कणा ताठ राहिला की हात मोकळे होतात आणि डोळे समोर बघतात. याच लातूर भागात, किल्लारीच्या भूकंपानं, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, माळवदं आणि दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर पडल्या. अशा पडझडीत मणका मोडूनही जो जगतो, त्याला पुढं आयुष्यभर अंथरुणातल्या जखमेशी लढायचं असतं. ज्या प्रदेशानं हे बघितलं, त्याच्या प्रत्येक तालुक्यात माप घेणारं एक माणूस असायला हवं होतं.

योजना आहेत. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून गरीब म्हाताऱ्यांना साधनं देते. तिच्या यादीत पुढं खुर्चीची सिलिकॉन फोमची उशीही आली. राज्यानं २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्यांच्या खात्यात एकदा ३,००० रुपये द्यायचं ठरवलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ च्या मार्गदर्शिकेतच सांगून ठेवलंय की खुर्ची माणसाच्या मापाची हवी आणि बसवून बघून द्यायला हवी. शिबिराच्या मांडवात ओळीनं मांडलेल्या एकाच मापाच्या खुर्च्या आणि त्यांत बसवलेली वेगवेगळ्या अंगाची माणसं बघितली की माझा जीव तुटतो. एक टेप, एक सुतार आणि थोडा फोम एवढंच त्या मांडवात जास्तीचं लागतं.

आपल्या प्रदेशाचा आणखी एक प्रश्न पुस्तकांना ठाऊक नाही. आपण जमिनीवर बसणारी माणसं. उमरीजवळ गोरट्याला दासगणू महाराजांची समाधी आहे, आणि अण्णांना तिथलं कीर्तन ऐकायचं होतं. नेलं. पण सगळे सतरंजीवर आणि हे एकटे खुर्चीत उंच. कीर्तनकार उभे असले तरी अण्णांना ते फार अवघड झालं. "देवापुढं उंच बसू नाही," म्हणाले. बाईंनी हे हसण्यावारी नेलं नाही. पुढच्या खेपेला त्यांनी जमिनीवरची बैठक सुचवली: पाठ आणि दोन्ही बाजू असलेली, मागं थोडी कललेली लाकडी कोपरी, खाली तीच फोमची उशी, गुडघ्यांखाली गुंडाळलेलं पांघरूण, आणि वेळ ठरवून. जमिनीवर पाय पसरून बसलं की कमरेखालच्या हाडावर भार येतो, म्हणून तास नाही, एक अभंग होईपर्यंत. मग खुर्ची. माणसाला कसं बसायचंय हे विचारून मग साधन करणारी माणसं मला खरी तज्ज्ञ वाटतात.

बाबा आमटे मला इथं आठवतात. मणक्याच्या विकारानं त्यांना बसताच येत नव्हतं, ते उभे राहू शकत किंवा आडवे होऊ शकत. त्यांनी १९८५ मध्ये, सत्तरी उलटल्यावर, कन्याकुमारीहून काश्मीरकडं भारत जोडो यात्रा काढली ती बसमध्ये अंथरूण घालून, आडवं पडून. तिकडं कोल्हापूरला नसीमा हुरजूक यांनी सोळाव्या-सतराव्या वर्षी पाय गेल्यावर 'चाकाची खुर्ची' नावाचं पुस्तक लिहिण्याइतकं आयुष्य त्या खुर्चीतून उभं केलं, आणि १९८४ मध्ये आपल्यासारख्यांसाठी संस्था काढली. एकाची बिछान्याची सोय झाली, दुसरीची खुर्चीची. अंगाला सोसेल असा टेकू मिळाला.

अण्णा त्या खुर्चीत पुढं बरीच वर्षं ओसरीवर बसले. गेले तेव्हा शेवटची आंघोळ घालताना आईनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. पाठीवर एकही जखम नव्हती. माझ्या आईनं आयुष्यात जे काही केलं त्यात हे मला सर्वांत मोठं काम वाटतं.

खुर्ची मग वरच्या गल्लीत गेली, नव्या मापाची फळी घालून. आता गावात कुणी अंथरुणाला लागलं की आमच्याकडं फोन येतो. परवा एका सुनेचा आला. सासूबाई खुब्याचं हाड मोडून पडलेल्या, घरात नवी रबरी रिंग आणलेली, विचारत होती किती फुगवू. मी म्हटलं, "रिंग राहू दे बाजूला. आधी त्यांच्या टाचांना पालथा हात लाव, मग कमरेखाली. कुठं गरम लागायलंय ते सांग. मी येतेच, टेप घेऊन."